वस्तऱ्याच्या धारेची परीक्षा



गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत दाबाचा पाठ चालला होता. तेंच बल लहान क्षेत्रफळावर पडलें म्हणजे दाब वाढतो, हें समजावून सांगतांना मीं सुईचें, खिळ्याचें आणि शेवटीं वस्तऱ्याचें उदाहरण दिलें. तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, वस्तरा दगडावर घांसल्यावर त्याला पुरती धार आली हें ओळखावयाचें कसें?" तास संपत आला होता. "डोक्याचा एक केस धारेवर धरावा, तो तुटला म्हणजे धार आली," असें उत्तर देऊन मीं फळा पुसला. उत्तर खोटें नव्हतें, परंतु अपुरें होतें. त्या अपुरेपणाची किंमत माझ्याच घरीं एकदां द्यावी लागली होती, आणि तीहि मला नव्हे तर दुसऱ्याला. असें असून मीं तेंच उत्तर पुन्हां द्यावें हें बरें झालें नाहीं. त्याचा राहिलेला भाग येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम धार म्हणजे काय तें पाहूं. वस्तऱ्याच्या पात्याला जाड पाठ असते. मुठीजवळचा भाग ती टांच आणि दुसरा शेवट तें टोंक. पात्याच्या दोन्ही बाजू बहुधा खोलगट घडविलेल्या असतात. धार लावतांना पातें निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या गुळगुळीत दगडावर, अगदीं आडवें ठेवितात. त्यामुळें पाठ आणि धार हीं दोन्ही एकाच वेळीं दगडाला टेकतात. ही रचना मोठी सोयीची आहे. चाकूला धार लावणाऱ्यास कोन हातानें सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीनेंच ठरवून दिलेला असतो. समजा, पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतचें अंतर १८ मिलिमीटर आहे. जाडीच्या निम्म्याला, म्हणजे २.५ ला, १८ नें भागिलें असतां सुमारें ०.१३९ येतात. ज्या कोनाचें साइन इतकें असतें तो कोन जवळजवळ ८ अंशांचा. दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन १६ अंशांचा झाला. दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

या दोन उतरत्या बाजू जेथें मिळतात ती रेषा म्हणजे धार. भूमितींतील रेषेला जाडी नसते. पोलादाच्या रेषेला ती असतेच. उत्तम लागलेल्या धारेचा कांठ एक मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि, बारीक असतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणें ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. केस आपल्याला दिसतो. धारेचा तो कांठ नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणूनच परीक्षेची गरज पडते. जें दिसत नाहीं त्याविषयीं त्याच्या परिणामांवरून अनुमान करावयाचें, हें शास्त्राचें नेहमींचें काम आहे, आणि अनुमानांत चूक कोठें शिरते हें पाहणें हेंहि त्याचेंच काम आहे.

ही विद्या हलकी समजूं नये. इंग्लंडांतील शेफील्ड आणि जर्मनींतील सोलिंगेन हीं शहरें वस्तऱ्यांसाठीं जगांत नांवाजलीं. बेल्जममधील आर्देनच्या डोंगराळ मुलखांत व्हिएलसाल्म गांवाच्या आसपास निघणारा पिवळसर दगड धार लावण्यासाठीं प्रसिद्ध आहे. त्यांत गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म कण दाटीनें बसलेले असतात. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यानें १८१९ मध्यें वूट्झ नांवाच्या हिंदी पोलादाचें रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलें. हें पोलाद दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत तयार होत असे. पुढें जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-वस्तरे करणाऱ्या कारागिराबरोबर त्यानें पोलादांत इतर धातु मिसळून प्रयोग केले व ते १८२० आणि १८२२ मध्यें प्रसिद्ध झाले. अशा एका मिश्र पोलादाचे वस्तरे करवून तो आपल्या मित्रांना भेट देत असे, असें त्याचा सहकारी जॉन टिंडल यानें लिहून ठेविलें आहे. विजेच्या क्षेत्रांत ज्याचें नांव अजरामर झालें, त्या भाविक ख्रिस्ती पुरुषाला वस्तऱ्याची धार हा क्षुद्र विषय वाटला नाहीं.

आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटींत वस्तरा, निसणा, चामोटा, वाटी आणि नराणी हीं असावयाचीं. चामोटा म्हणजे वस्तरा परजण्याचा चामड्याचा पट्टा. एकाच वस्तऱ्यानें अनेकांची दाढी केल्यास रक्तावाटें कावीळ व एच्. आय्. व्ही. यांसारखे रोग पसरूं शकतात. त्यामुळें आतां बहुतेक केशकर्तनालयांत प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं नवें पातें बसविण्याचा वस्तरा वापरतात, आणि हें योग्यच आहे. तथापि स्वतःपुरता जुना वस्तरा राखणारे लोक अजून आहेत, आणि परीक्षेचें शास्त्र शिकण्यास त्या वस्तऱ्याइतकें चांगलें साधन क्वचितच मिळेल. आतां त्या परीक्षा एकेक पाहूं.

पहिली परीक्षा प्रकाशाची. पात्याची धार वर करून तें दिव्याखालीं असें धरावें कीं धार सरळ आपल्या डोळ्यांकडे येईल; मग तें सावकाश मागेंपुढें कलवावें. धार बोथट असेल तेथें तिचा कांठ गोलसर झालेला असतो; त्या गोलाईवरून थोडा प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यांत येतो, व तेथें पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो. जेथें धार खरोखर बारीक आहे तेथें परावर्तनास पृष्ठभागच उरत नाहीं, म्हणून कांहींच चमकत नाहीं. या परीक्षेंत न दिसणें हें यश आहे. तिनें दोष सांपडतात, परंतु उत्तम आणि मध्यम यांतला भेद कळत नाहीं. मात्र पात्याला कांहींच स्पर्श होत नसल्यामुळें ती कितीदांहि करतां येते.

दुसरी परीक्षा नखाची. अंगठ्याचें नख ओलें करून त्यावर केवळ वस्तऱ्याच्याच वजनानें टांचेपासून टोंकापर्यंत धार हलकेंच ओढतात. कांचेवरून सरकावी तशी ती सरकली तर बोथट. सर्वत्र सारखी, मंदपणें धरीत गेली तर सम. मध्येंच अडखळली तर तेथें खांच आहे असें समजावें. ही परीक्षा जुन्या कारागिरांना फार प्रिय, कारण डोळ्यांना न दिसणारी खांच बोटाला कळते. पण नख कांहीं मऊ नव्हे. त्याच्यावरून गेलेली नाजूक धार थोडी तरी बिघडते. म्हणून ती काम अर्धें झालें असतां करावी, आणि मग वस्तरा पुन्हां दगडावर घ्यावा. काम पुरें झाल्यावर ही परीक्षा करणारा मनुष्य आपणच केलेलें आपणच मोडतो.

तिसरी, अंगठ्याच्या पेराची. निष्णात माणूस ओलें पेर धारेला आडवें, अगदीं अलगद लावतो, आणि त्वचेला ती किती चिकटल्यासारखी वाटते यावरून तिची प्रत ओळखतो. पेर धारेच्या दिशेनें सरकलें तर तें कापलेंच. विद्यार्थ्यांनीं ही परीक्षा मुळींच करूं नये. तिच्यांत मोजमाप नाहीं, केवळ अनेक वर्षांचा सराव आहे. आणि सरावापूर्वींचा काळ रक्तानें भरावा लागतो.

चौथी, हातावरील लवेची. मनगटाच्या वरच्या लवेवरून पातें त्वचेला लागून फिरविलें असतां लव निघाली तर धार आहे, एवढें कळतें. परंतु इतकी धार चांगल्या चाकूलाहि येते. म्हणून पातें त्वचेपासून किंचित् वर, लवेच्या शेंड्यांवरून नेऊन पाहतात. तेथें केसाला त्वचेचा आधार जवळ नसतो. वांकण्यास मोकळा असलेला केस वांकण्यापूर्वींच तुटला, तर धार खरोखर बारीक आहे.

पांचवी परीक्षा लोंबत्या केसाची. वर्गांत मीं सांगितली ती हीच, आणि सर्वांत प्रसिद्धहि हीच. धुतलेला व वाळलेला एक केस एका टोंकाशीं चिमटींत धरून त्याचा मोकळा भाग धारेवर अलगद उतरवावयाचा. परिणाम अनेक प्रकारचे होतात. केस नुसताच घसरून जातो. किंवा धारेवर खरखरत जातो पण तुटत नाहीं. किंवा उभा चिरला जातो. किंवा क्षणभर अडकून टप् असा आवाज करून तुटतो. किंवा स्पर्श होतांच आवाज न करतां खालीं पडतो. या पायऱ्यांवरून धारेची प्रत ठरवितात.

परंतु येथें एक गंमत आहे. केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात, आणि त्यांच्या मोकळ्या कडा शेंड्याकडे असतात. लांब केस बोटांत धरून मुळाकडून शेंड्याकडे बोटें ओढावीं. तो गुळगुळीत लागतो. उलट ओढावीं, तो खरखरीत लागतो. म्हणून शेंडा चिमटींत धरून मुळाकडील भाग धारेवर ओढला, तर धार खवल्यांच्या कडांत अडकते व केस सहज तुटतो. मूळ चिमटींत धरलें, तर तीच धार त्याच केसावरून घसरूं शकते. शिवाय जाड केस आणि तलम केस, धुतलेला केस आणि तेलकट केस, यांचीं उत्तरें वेगवेगळीं. आपण समजतों कीं केस वस्तऱ्याची परीक्षा करीत आहे. पण केसाची परीक्षा कोणीं केली?

आतां माझ्या घरची गोष्ट सांगतों. माझे वडील अखेरच्या आजारांत बरेच दिवस अंथरुणावर होते. त्यांनीं जन्मभर वस्तऱ्यानेंच दाढी केली होती, आणि दाढी वाढलेली त्यांना खपत नसे. हात कांपूं लागल्यावर तें काम माझ्याकडे आलें. एका रविवारीं सकाळीं मीं त्यांचा वस्तरा दगडावर घेऊन बराच वेळ घांसला. घरांतून एक लांब केस मागून आणला, पात्याच्या मध्यावर धरला, आणि तो पडला. मला इतका आनंद झाला कीं मीं तो त्यांना दाखविला. "बाबा, पाहा, नुसता टेकतांच पडला!" ते हंसले.

गालांवर वस्तरा बरा चालला. परंतु नाकाखालीं आणि हनुवटीच्या वळणांत, जेथें पात्याचें टोंकच वापरावें लागतें, तेथें तो खुपूं लागला. केस कापले जात होते आणि ओढलेहि जात होते. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलें. पण ते बोलले नाहींत. केस पडल्याचें मीं कौतुकानें दाखविलें होतें ना! शेवटीं ते एवढेंच म्हणाले, "आतां पुरे कर. राहिलेली उद्यां करूं."

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध नाभिक गृहस्थ आमच्या विनंतीवरून घरीं आले. त्यांनीं वस्तरा खिडकीपाशीं नेऊन उजेडांत फिरविला, आणि विचारलें, "मास्तर, केस कोठें लावून पाहिलात?"

"मध्यें," मी म्हणालों.

"मध्यें चांगला आहे. टांचेकडेहि बरा आहे. टोंकाकडे धार दुमडली आहे. तेथें तुमचा हात फार वेळ चालला."

त्यांनीं मला जें समजावून दिलें तें असें. दगडावर जोर देऊन किंवा वाजवीपेक्षां अधिक घांसल्यास धारेच्या कांठावर पोलादाची एक अति पातळ, अशक्त कोर तयार होते. ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी इकडे तिकडे वळते. ती बारीक असल्यामुळें कदाचित् केसहि तोडते. परंतु दाढीचे चार राठ केस पुढें येतांच ती दुमडते किंवा तुटते, आणि मागें करवतीसारखा कांठ राहतो. म्हणजे मीं टोंकाकडे केस लावून पाहिला असता, तरीहि मी फसण्याचा संभव होता. तीक्ष्णपणा आणि टिकाऊपणा, तीक्ष्णपणा आणि मृदुपणा, हे निरनिराळे गुण आहेत. केसाची परीक्षा त्यांपैकीं एकाच गुणाची, एकाच ठिकाणीं, एकाच क्षणीं घेतलेली परीक्षा आहे.

त्यांनीं त्या दगडावर भरपूर पाणी घेऊन, केवळ पात्याच्या वजनानें कांहीं हलके हात दिले. मग पाठ पुढें व धार मागें ठेवून वस्तरा चामोट्यावर परजला. मग पुन्हां उजेडांत पाहिला. केस त्यांनीं मागितला नाहीं. गरम पाण्याचा टॉवेल बाबांच्या चेहऱ्यावर बराच वेळ ठेवून, साबणाचा फेंस करून, त्यांनीं राहिलेली दाढी केली. ती होतां होतां बाबांना झोंप लागली.

यानंतर मीं परीक्षा या विषयावर बराच विचार केला. त्यांतील चार गोष्टी तुमच्या प्रयोगवहींत लिहिण्यासारख्या आहेत.

पहिली: परीक्षेनें परीक्षेची वस्तु बिघडते काय, हें आधीं पाहावें. स्वयंपाकघरांतील सुऱ्यांच्या धारेसाठीं २००४ मध्यें आय्. एस्. ओ. ८४४२-५ हें आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालें. त्यांत वाळूच्या जातीचे कठीण कण मिसळलेला जाड कागद यंत्रानें पुनःपुन्हां कापून धार किती लागते व किती टिकते हें मोजतात. त्या कागदानें सुरी झिजते. झिजावी हाच तेथें उद्देश आहे. पण जो वस्तरा उद्यां वापरावयाचा त्याची परीक्षा अशी घेतां येत नाहीं.

दुसरी: एका ठिकाणचें उत्तर सर्व पात्याचें समजूं नये. टांच, मध्य आणि टोंक या तिन्ही ठिकाणीं पाहावें. आणि चामोट्यावर परजण्यापूर्वीं व परजल्यानंतर पाहावें.

तिसरी: मापाचेंहि माप घ्यावें. केस वापरावयाचा तर तो नेहमीं एकाच डोक्याचा, धुतलेला, ठरलेल्या बाजूनें धरलेला असावा. आणि तोच केस प्रथम नव्या, कोऱ्या ब्लेडवर लावून त्याचें उत्तर पाहून ठेवावें. म्हणजे वस्तऱ्यावर तो पडला नाहीं तर दोष कोणाचा हें कळेल.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: परीक्षा म्हणजे काम नव्हे. हवेंत लोंबणारा कोरडा केस एक, आणि गालांत रुजलेला, पाण्यानें फुगून मऊ झालेला, हजारों सोबत्यांसह उभा असलेला दाढीचा केस दुसरा. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जॅन्लुका रोशोली, जेमाल जेम तासान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दाढीच्या ब्लेडनें केस कापून जें पाहिलें तें २०२० मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. पोलाद केसाहून सुमारें पन्नासपट कठीण. तरीहि केस पात्याला कांहीं विशिष्ट कोनांत भेटला, आणि पोलादाची अंतर्रचना तेथें विषम असली, तर केसामुळें पोलादाचा कपचा उडतो, असें त्यांना आढळलें. म्हणजे धार नुसती झिजूनच जाते असें नाहीं. ती सूक्ष्म खांचा पडूनहि जाते. एका केसावर यशस्वी झालेलें पातें दुसऱ्या केसाजवळ, दुसऱ्या कोनांत, तितकेंच यशस्वी होईल असें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून शेवटची परीक्षा दाढीचीच. इतर परीक्षा आपल्याला त्या दारापर्यंत आणून सोडतात.

तुम्ही विद्यार्थी दरवर्षीं परीक्षेला बसतां आणि आम्ही शिक्षक ती घेतों. आमचे दहा प्रश्न पात्याला दहा ठिकाणीं स्पर्श करतात. मध्यल्या जागा कोऱ्याच राहतात. कधीं आमच्या हातांतला केसच तेलकट असतो. कधीं मार्चमध्यें चमकलेली धार जूनमध्यें दुमडलेली आढळते, कारण ती घाईनें घांसून आणलेली कोर होती. म्हणून केस पडला तर मिरवूं नये, आणि न पडला तर पातें फेंकून देऊं नये. हें मी तुम्हांला जितकें सांगतों तितकेंच स्वतःलाहि सांगतों. कारण उत्तरपत्रिकेवर एक आंकडा लिहून मुलाची किंमत झाली असें समजण्याचा मोह आम्हांलाच अधिक होतो.

आतां मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्यास पुरें उत्तर देतों. बाळ, धार उजेडांत पाहावी. काम चालूं असतां पाहिजे तर नखाला विचारावी. पुरें झाल्यावर केसाला, तोहि तीन ठिकाणीं, विचारावी. एवढें करून ती चांगली ठरली, तर ती चांगली असण्याचा संभव आहे, असें म्हणावें. नंतर ज्याच्या गालावर ती चालवावयाची त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावें, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यास हात थांबवावा.